झऱ्यावरची वीज : उभारणीनंतरचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



पाणी आणि वीज यांचा प्रश्न महाराष्ट्रातील जनचळवळींना नवा नाही. १९२१ साली मुळशी खोऱ्यातील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले, तो टाटांच्या जलविद्युत-धरणाविरुद्ध होता. मावळातील भातखाचरे पाण्याखाली गेली आणि त्या पाण्यातून निघालेली वीज मुंबईला गेली. ज्याच्या दारावरून पाणी वाहते त्याच्या घरात अंधार आणि दूरच्या शहरात झगझगाट, हे चित्र त्यानंतर अनेक खोऱ्यांत पुन्हा पुन्हा उमटले. साहजिकच, ओढ्यावर बसवलेल्या आणि एखाद्या घराला किंवा वाडीला वीज देणाऱ्या चिमुकल्या संचाविषयी कार्यकर्त्यांना आपुलकी वाटते. त्याला गुडघाभर उंचीचा बंधारा पुरतो. गाव उठवावे लागत नाही. पाणी चाक फिरवून पुन्हा ओढ्यालाच मिळते.

ही आपुलकी रास्त आहे. परंतु आपुलकीने जाळीवरचा पाचोळा निघत नाही. उद्घाटनाच्या दिवशी असे संच सर्वत्र चालतात. त्यांची खरी परीक्षा तिसऱ्या पावसाळ्यानंतर होते. म्हणून आजचा विषय संच बसवण्याचा नसून तो चालवण्याचा आणि राखण्याचा आहे. चालवणे म्हटले की त्यात कोणाचे तरी श्रम, कोणाचा तरी पैसा आणि कोणाचा तरी हक्क येतो. त्यामुळे वरवर यंत्रविद्येचा दिसणारा हा विषय अर्थशास्त्राचा, किंबहुना राजकारणाचाही ठरतो.

प्रथम साधे गणित पाहावे. सेकंदाला एक लिटर पाणी एक मीटर खाली पडले, तर तत्त्वतः सुमारे १० वॉट शक्ती मिळते. पाइपातील घर्षण आणि चाक व जनित्र यांतील घट वजा जाता लहान संचात तिच्यातली साधारण निम्मी हाती लागते. ओढ्यातून सेकंदाला १० लिटर पाणी घेता येत असेल आणि उतार २० मीटरचा असेल, तर १००० वॉट म्हणजे एक किलोवॉट वीज होते. आकडा लहान दिसतो; पण पाणी अहोरात्र वाहत असल्याने दिवसाला २४ युनिटे होतात. सूर्यावर चालणाऱ्या संचाला रात्र आडवी येते, झऱ्याला ती येत नाही. झऱ्याला आडवा येतो तो उन्हाळा. सह्याद्रीतील बहुतेक ओढे माघ-फाल्गुनात क्षीण होतात, आणि जो संच केवळ श्रावणातले पाणी पाहून बसवला जातो तो होळीपर्यंत टिकत नाही. पाणी मोजायचे ते उन्हाळ्यात, हा या विद्येचा पहिला धडा आहे.

दुसरा धडा रोजच्या निगराणीचा. बंधाऱ्यापासून पाणी पाटाने गाळ बसण्याच्या टाकीत येते, तेथून जाळीतून पाइपात शिरते, पाइपाच्या तळाशी तोटीतून सुटून चाकाच्या वाट्यांवर आदळते आणि चाक जनित्राला फिरवते. या साखळीतली प्रत्येक कडी माणसाचे लक्ष मागते. पावसाळ्यात जाळीवर तासातासाला पाचोळा साचतो. पाणी अडले की पाइप हवा ओढू लागतो, दिवे प्रथम लुकलुकतात, मग तांबूस होतात. पाइपाच्या तोंडाशी हवेची नळी ठेवली नसेल, तर आत निर्वात होऊन पातळ पाइप चपटा होतो. गाळाची टाकी वेळेवर उपसली नाही, तर वाळू पाण्याबरोबर खाली येते व तोटी आणि वाट्या खरवडून काढते. एका हंगामात झालेली ही झीज पुढल्या वर्षीच्या विजेतून वसूल होते. तळाची झडप घाईने बंद केली, तर धावत्या पाण्याचा धक्का पाइप फोडतो. उघड्यावरचा प्लास्टिकचा पाइप उन्हाने ठिसूळ होतो, म्हणून तो पुरावा लागतो. बेअरिंगला ग्रीस हवे, पट्ट्याला ताण हवा, आणि वळवाच्या विजांसाठी जमिनीत नीट गाडलेले अर्थिंग हवे.

याखेरीज एक गोष्ट फारशी कोणी समजावून सांगत नाही. घरातले सगळे दिवे एकदम मालवले, तर चाकावरचा भार जातो आणि ते जवळजवळ दुप्पट वेगाने धावू लागते. व्होल्टेज चढते आणि उरलीसुरली उपकरणे जळतात. म्हणून नियंत्रक बसवतात. तो न वापरलेली वीज एका हीटरकडे वळवतो आणि एकूण भार कायम ठेवतो. अर्थ असा की या संचात वीज वाचवून ठेवता येत नाही. जी वापरली नाही ती उष्णता होऊन जाते. संध्याकाळचे पाच तास अर्धा किलोवॉट वापरणारे कुटुंब दिवसाच्या २४ युनिटांपैकी जेमतेम अडीच युनिटे कामी लावते. उरलेली नऊ-दशांश शक्ती वाया जात असेल, तर दर युनिटामागे पडणारा खर्च दसपट होतो. तो हीटर पाण्याच्या टाकीत बुडवला तर अंघोळीचे सरपण वाचते. दिवसा पिठाची चक्की किंवा भाताची गिरणी जोडली, तर दुरुस्तीचा पैसा निघतो.

नेपाळचा अनुभव येथे उद्बोधक आहे. तेथे १९७० च्या दशकापासून बुटवल आणि काठमांडू येथील कार्यशाळांनी लहान टर्बाइने घडवली, आणि त्यांतली अनेक प्रथम बसली ती दिव्यांसाठी नव्हे, तर भात सडण्यासाठी, दळणासाठी आणि तेल गाळण्यासाठी. गिरणीवाल्याची चूल त्या चाकावर पेटत असल्यामुळे चाक बंद पडले की तो त्याच दिवशी दुरुस्तीला लागे. १९८४ साली तेथील सरकारने १०० किलोवॉटपर्यंतच्या संचांना परवान्यातून मुक्त केले. हाताशी कार्यशाळा, दिवसभराचे उत्पादक काम आणि परवान्याचा जाच नाही, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तेथे यंत्र टिकण्याची शक्यता वाढली.

आता श्रमाकडे वळावे. रोज सरासरी अर्धा तास बंधारा, जाळी आणि टाकी यांवर खर्च होतो असे धरले, तर वर्षाला सुमारे १८० तास, म्हणजे आठ तासांचे २३ दिवस होतात. झऱ्याची वीज फुकट, असे म्हणणारे हे २३ दिवस मोजत नाहीत. ते कोणाचे असतात? कर्नाटकातील मलनाड आणि कोडगू या सह्याद्रीच्याच पट्ट्यात सुपारी आणि कॉफीच्या बागांतून एक ते पाच किलोवॉटचे घरगुती संच बसले आहेत. ज्याची बाग मोठी त्याच्या घरी जाळी साफ करणारा गडी असतो, आणि त्याच्या इतर कामांत हेही एक काम मिसळून जाते. लहान शेतकऱ्याच्या घरी ते ओझे पुष्कळदा बाईवर किंवा शाळकरी मुलावर येते. मुसळधार पावसात, काळोखात, शेवाळलेल्या दगडांवरून बंधाऱ्यापर्यंत जाणे हे धोक्याचे काम आहे. ते मजुरीच्या हिशेबात येत नाही, कारण घरातल्या श्रमाला हिशेबवहीत स्तंभच नसतो. दिवे तांबूस झालेले सर्वांना दिसतात. जाळीपर्यंत कोण गेले ते कोणाला दिसत नाही.

जी गोष्ट श्रमाची, तीच झिजेची. समजा, संचाला दोन लाख रुपये पडले आणि तो दहा वर्षे चालणार आहे. मग वर्षाला वीस हजार रुपये झिजेपोटी बाजूला पडले पाहिजेत, म्हणजे महिन्याला सुमारे १,६७० रुपये. ग्रीस, बेअरिंग आणि तोटी यांचा चालू खर्च वेगळाच. बागाईतदाराला हे जमते. कोरडवाहू कुटुंबाला एकट्याने ते जमणे कठीण आहे. सरकारी अनुदान उभारणीला मिळते. झिजेला ते क्वचितच मिळते. अनुदान घेऊन संच बसतो, बेअरिंग गेले की थांबतो, आणि मग निष्कर्ष काढला जातो की लोकांना यंत्र सांभाळता येत नाही. वास्तविक लोकांना जे सांभाळता आले नाही ते यंत्र नव्हते. तो खर्च होता, आणि तो त्यांना आरंभी कोणी सांगितलेला नव्हता.

या अडचणीवर सामूहिक उत्तर शोधले गेले ते नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव तालुक्यात, बिलगावला. नर्मदा बचाओ आंदोलनाच्या परिसरातील या आदिवासी गावाने केरळातील तंत्रज्ञांच्या साह्याने गावच्या धबधब्यावर १५ किलोवॉटचा संच उभारला आणि जानेवारी २००३ मध्ये पाड्यांवर दिवे लागले. दगड, माती आणि पाइप वाहण्याचे काम गावकऱ्यांनी श्रमदानाने केले. २००४ साली आलेल्या ‘स्वदेस’ या हिंदी चित्रपटातील वीजनिर्मितीच्या प्रसंगामागे बिलगावची प्रेरणा सांगितली जाते. चित्रपटात दिवा लागतो आणि गाव हरखते. दुसऱ्या दिवशी जाळी कोणी साफ केली, ते दाखवण्याची चित्रपटाला गरज नसते. बिलगावला मात्र ती गरज होती.

त्या संचाचा शेवट पाचोळ्याने झाला नाही. २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगवट्याचे पाणी चढले आणि संच बुडाला. जे गाव आपल्या ओढ्यावर आपली वीज करू शकत होते, त्याची वीज दुसऱ्यांच्या विजेसाठी आणि पाण्यासाठी बांधलेल्या धरणाने घालवली. मुळशीनंतर ८५ वर्षांनी प्रश्न पुन्हा तेथेच येऊन ठेपला. देखभाल कितीही काटेकोर असो, पाण्यावरचा हक्क आपला नसेल तर तोटी आणि बेअरिंग आपली असून उपयोग नाही.

हक्काचा प्रश्न मोठ्या धरणापुरता नाही; तो ओढ्याच्या काठावरही आहे. संच पाणी पीत नाही हे खरे. पण बंधारा ते चाक या टप्प्यात ओढा कोरडा पडतो. त्या टप्प्यात कोणाची विहीर असेल, कोणाची गुरे पाण्यावर येत असतील, कोणाचा पाट निघत असेल. वरच्या अंगाला ज्याची जमीन त्याने पाणी वळवायचे आणि खालच्याने पाहत राहायचे, हा जुनाच न्याय लहान यंत्राच्या नावाने नव्याने रूढ होऊ नये. उन्हाळ्यात ओढ्यात किती पाणी सोडायचे, हे संच बसण्यापूर्वी ग्रामसभेत ठरून लेखी झाले पाहिजे. अनुसूचित क्षेत्रांत लहान जलसाठ्यांचे नियोजन १९९६ च्या पेसा कायद्याने पंचायतींकडे सोपवले आहे. त्याचा उपयोग करून घ्यावा.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २०१७ साली केंद्र सरकारने घरोघर वीजजोडणीची ‘सौभाग्य’ योजना जाहीर केली. दुर्गम वाड्यांपर्यंतही तार पोहोचली असता ओढ्याच्या विजेचा खटाटोप कशासाठी? आक्षेपात तथ्य आहे. तार ही नागरिकाच्या हक्काची गोष्ट आहे. ‘तुमचा झरा आहे, तुम्ही तुमचे पाहा’ असे म्हणून शासनाला आपली जबाबदारी झटकू देता कामा नये. पण घाटात तार पोहोचणे आणि तारेत वीज असणे यांत अंतर असते. आषाढात झाडे कोसळून तार तुटते आणि दुरुस्तीची गाडी दरडीपलीकडे अडकते. नेमके तेव्हाच ओढा भरून वाहत असतो. तार आली म्हणून ज्यांनी संच भंगारात काढला, ते दोन्हीकडून अंधारात राहतात. तार आणि झरा एकमेकांचे वैरी नाहीत. वैर लावते ते धोरण.

मग कार्यकर्त्यांनी काय करावे? संच बसवण्यापूर्वी एक संपूर्ण उन्हाळा पाणी मोजावे. उभारणीच्या अंदाजपत्रकातच झीज-निधी आणि राखणदाराचे वेतन धरावे. जाळी साफ करणाऱ्याला, मग ती घरची बाई का असेना, तिच्या दिवसाचे दाम मिळाले पाहिजे. वाडीतील दोघा-तिघांना, आणि त्यांत निदान एका स्त्रीला, बेअरिंग बदलण्यापासून नियंत्रक तपासण्यापर्यंतचे शिक्षण द्यावे. सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतील अशी सोय सहकारी तत्त्वावर करावी. २००३ च्या वीज कायद्याच्या १४ व्या कलमाने राज्य शासनाने अधिसूचित केलेल्या ग्रामीण भागात वीज निर्माण करून वाटण्यास परवान्याची अट ठेवलेली नाही; ही तरतूद पाड्यापाड्यांवर समजावून सांगावी. आणि शासनाकडे मागणी करावी ती आणखी एका उद्घाटनाची नव्हे, तर आधी बसलेल्या संचांच्या दुरुस्तीसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतुदीची आणि तार आली तरी लहान संचाला तिच्याशी जोडून घेण्याच्या हक्काची.

समाजाच्या मालकीचे काहीही उभे करणे कठीण असते. ते राखणे त्याहून कठीण असते, कारण राखण्याला ना कोनशिला असते ना हार. सहकारी दूधसंघ असो, ग्रंथालय असो वा ओढ्यावरचे चाक असो, ते अखेर टिकते ते रोज सकाळी तेथवर चालत जाणाऱ्या माणसावर. त्या माणसाचे नाव हजेरीवहीत आहे की नाही आणि त्याला त्याचे दाम मिळते की नाही, हे कार्यकर्त्यांनी गावात गेल्यावर सर्वांत आधी विचारावे.