समुद्रावरील बर्फाचे साक्षीदार



उत्तर ध्रुवाभोंवतालच्या आर्क्टिक महासागराचें पाणी हिवाळ्यांत गोठतें आणि उन्हाळ्यांत त्या बर्फाचा मोठा भाग विरघळून जातो. शुभ्र बर्फ सूर्यप्रकाश परतवितो. तो नाहींसा झाला म्हणजे खालचें काळें पाणी तीच उष्णता पोटांत सांठवितें. तेव्हां दरवर्षीं बर्फ किती उरतो, या प्रश्नाशीं सर्व पृथ्वीच्या हवामानाचा संबंध आहे. त्याचें उत्तर कसें मिळवितात, तें आज पाहूं.

पूर्वीं प्रत्यक्ष तेथें जाणें हाच मार्ग होता. १८९३ सालीं नॉर्वेच्या नान्सेन यांनीं 'फ्राम' हें आपलें जहाज मुद्दाम बर्फांत अडकवून घेतलें. तें जवळजवळ तीन वर्षें बर्फाबरोबर वाहत राहिलें. अशी साक्ष खात्रीची खरी, पण ती एका वाटेपुरतीच.

१९७८ सालच्या अखेरीपासून कृत्रिम उपग्रह हें काम अखंड करीत आले आहेत. समुद्राच्या पृष्ठभागांतून मायक्रोवेव्ह नांवाच्या लहरी निघत असतात, आणि बर्फाच्या व पाण्याच्या लहरींत फरक असतो. ढग किंवा ध्रुवाकडील दीर्घ रात्र त्यांना अडवूं शकत नाहीं. सप्टेंबर २०१२ मध्यें बर्फाचा विस्तार सुमारें ३४ लाख चौरस किलोमीटरच उरला, हें त्यांवरूनच कळलें. उपग्रहांच्या नोंदींतील तो नीचांक होय.

परंतु या साक्षीदाराच्या दृष्टींतही दोष आहे. उन्हाळ्यांत बर्फावर पाण्याचीं डबकीं सांचतात. तेथें त्याला उघडा समुद्रच दिसतो. अशा वेळीं रडारच्या अधिक बारीक चित्रांशीं, आणि आभाळ निरभ्र असल्यास छायाचित्रांशीं, त्याची साक्ष ताडून पाहावी लागते.

जाडीचा प्रश्न याहून बिकट. तरंगत्या बर्फाचा सुमारें दहावा भागच पाण्यावर असतो, आणि उपग्रह तेवढाच मोजतो. तेथें पांच सेंटिमीटरांची चूक झाली, तर जाडींत अर्ध्या मीटरची होते! शिवाय वर भुसभुशीत हिमाचा थर असतो. आइससॅट-२ या उपग्रहाचा लेसर-किरण हिमाच्या माथ्यावरून परततो. क्रायोसॅट-२ ची रडार-लहर बहुतांशीं हिम भेदून बर्फापर्यंत जाते. दोहोंतील अंतर म्हणजे हिमाची जाडी. दोघांनीं एकच बर्फ थोड्या तासांच्या अंतरानें पाहावा, म्हणून २०२० सालीं क्रायोसॅटची कक्षा बदलण्यांत आली.

तरीही हिम ओलें असेल तर रडार-लहर वरच अडते. ती कोठवर पोंचली, हें ठरविण्यास बर्फावर उभें राहून हिम मोजणारा मनुष्य लागतो. म्हणूनच २०१९ सालीं 'पोलारस्टर्न' या जर्मन जहाजानें नान्सेनचीच रीत पुन्हां अंगीकारली व बर्फाबरोबर महिनोन्महिने प्रवास केला.

अनेक साक्षी एकत्र करणें म्हणजे त्यांची नुसती सरासरी काढणें नव्हे. कोण कोठें आंधळा आहे हें जाणून, तेथें दुसऱ्याचें ऐकावयाचें. आणि मतभेद मिटत नसेल तर निर्णयाबरोबर शंकाही नोंदवावयाची. गोठलेल्या समुद्रावरून शिकारीस निघालेल्या इन्युइट मनुष्याला अर्ध्या मीटरची चूक ही केवळ वहींतील चूक नसते.