पट्ट्याची मूठ

आपल्या शेजारचा गाविलगड १५ डिसेंबर १८०३ रोजी वेलस्लीच्या फौजेने घेतला. गडावरच्या तोफा आपण पाहिल्याच असतील. तोफ जागेवर राहते. हातातले शस्त्र मात्र घरोघर जाते, देव्हाऱ्यात बसते.

पट्ट्याचेच पाहा. मिरवणुकीसाठी पत्र्याचा पट्टा करताना मूठ तलवारीसारखी बसवली, की सारे फसते. अस्सल पट्ट्यात हात खोबळ्यात शिरतो आणि आतली मूठ पात्याला आडवी असते. मनगट वळतच नाही. वार खांद्यातून निघतो. हे चित्रावरून कळायचे नाही, जुना पट्टाच मोजला पाहिजे. आणि आपण खंडेनवमीला तोच विटेच्या भुकटीने घासतो! पात्यावरची अक्षरे त्यातच जातात. यंदा घासू नका. कागद ठेवून शिसपेन्सिलीने ठसा घ्या, मग नुसते तेल लावा.