नेलेली मुले आणि पाठवलेली मुले



वसतिगृह ही गोष्ट आपणांस नवी नाही. खेड्यातील मुलाने शहरात शिकायला यावे, त्याला निवारा आणि दोन वेळचे जेवण मिळावे, यात वाद घालण्यासारखे काय आहे, असे कोणीही विचारील. आज ज्या वसतिगृहांविषयी आम्ही बोलणार आहोत ती ऑस्ट्रेलियात, तेथील मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी, खेळाच्या संस्थांच्या पाठबळाने उभी राहिली आहेत. परंतु त्या देशात मुलांना घरापासून दूर ठेवण्याला जो इतिहास चिकटलेला आहे, तो ध्यानात घेतल्यावाचून त्यांचे मोल कळत नाही.

प्रथम भूगोल पाहू. क्वीन्सलँड राज्याच्या उत्तरेस केप यॉर्कचे द्वीपकल्प आहे आणि त्याच्याही पलीकडे टॉरेस सामुद्रधुनीतील बेटे आहेत. ऑरुकून, कोवान्यामा, लॉकहार्ट रिव्हर अशा तेथील वस्त्या हजाराच्या आसपास माणसांच्या. पावसाळ्यात रस्ते पाण्याखाली जातात आणि मग विमानावाचून गत्यंतर उरत नाही. अशा कित्येक वस्त्यांत बारावीपर्यंतचे पुरते शिक्षण मिळत नाही. ऑरुकूनमधील मूल घरी विक-मुंगकान बोलते. इंग्रजी त्याला शाळेतच भेटते. २०२१ साली वीस ते चोवीस वर्षे वयाच्या मूळ रहिवाशांपैकी बारावी किंवा तत्सम शिक्षण पुरे केलेले सुमारे ६८ टक्के होते. इतरांत हेच प्रमाण सुमारे ९१ टक्के होते.

ही दरी बुजवण्याच्या खटपटीत खेळाचे क्लब उतरले. २०१३ साली केर्न्स येथे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या संघटनेच्या नावाने 'केप यॉर्क हाऊस' उघडले. २०१७ साली टाउन्सव्हिल येथे रग्बी लीगच्या नॉर्थ क्वीन्सलँड काउबॉइज या क्लबने मुलांसाठी 'काउबॉइज हाऊस' चालू केले आणि २०२० साली मुलींसाठी दुसरे. ही खेळाडू घडवण्याची शाळा नव्हे. मुले येथे राहतात आणि शिकायला शहरातील निरनिराळ्या शाळांत जातात. १९६९ पासून चालू असलेल्या 'अ‍ॅबस्टडी' या सरकारी योजनेतून प्रवासाला व राहण्याला साहाय्य मिळू शकते.

मग खेळाचे नाव कशाला? या क्लबने २०१५ साली राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले तेव्हा त्याचा सहकर्णधार जॉनथन थर्स्टन होता आणि तो स्वतः मूळ रहिवाशांपैकी आहे. सरकारी अधिकाऱ्याच्या शब्दावर ज्या वस्तीत कोणी सहजासहजी विश्वास ठेवणार नाही, तेथे या नावाने दार उघडते. आणि हा अविश्वास उगाच आलेला नाही.

टाउन्सव्हिलपासून सुमारे पासष्ट किलोमीटरवर पाम बेट आहे. १९१८ पासून सरकारने ठिकठिकाणच्या कुटुंबांना तेथे सक्तीने नेऊन ठेवले, आणि मुलांना आईबापांपासून वेगळे काढून निवासगृहांत कोंडले. १९९७ च्या राष्ट्रीय चौकशीच्या अहवालाने सांगितले की १९१० ते १९७० या काळात मूळ रहिवाशांच्या दर दहांत एक ते दर तिनांत एक एवढी मुले घरांतून काढून नेली गेली होती. २००८ साली पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत त्याबद्दल क्षमा मागितली. ज्या आजीला लहानपणी असे नेले, तिच्या नातवाला शहरातल्या वसतिगृहात धाडायचे, ही लहानसहान गोष्ट नव्हे.

नेलेले मूल आणि पाठवलेले मूल यांत फरक कोणता? आमच्या मते तो तीन गोष्टींत आहे. पहिली, संमती: पाठवण्याचा निर्णय आईबापांचा हवा आणि तो फिरवण्याची मुभाही त्यांचीच. दुसरी, परतीची वाट: सुट्टीत आणि घरी कोणी वारले तर मुलास जाता आले पाहिजे. त्या समाजात मयताचे विधी दिवसचे दिवस चालतात आणि त्यांस हजर राहणे हे कर्तव्य असते. हजेरीपटाला ते ठाऊक नसते. तिसरी, भाषा: वसतिगृहातून परतलेल्या मुलाला आजीशी तिच्या भाषेत बोलता येईना, तर त्याने प्रमाणपत्र मिळवले आणि आजी गमावली.

याच टाउन्सव्हिलमध्ये १९७३ साली एडी माबो यांनी आपल्या लोकांच्या मुलांसाठी शाळा काढली होती. जमिनीच्या हक्काचा १९९२ चा ऐतिहासिक निवाडा ज्यांच्या नावाने ओळखला जातो, तेच हे माबो. शिक्षण हवे, पण आपले राहून हवे, हे मागणे तेव्हापासूनचे आहे.

म्हणून आम्ही या वसतिगृहांचे स्वागत करतो, पण एक इशारा देऊन. क्लबने घर बांधले म्हणून वस्तीत शाळा बांधण्याच्या जबाबदारीतून सरकार सुटत नाही. क्लबाचे दैव हंगामागणिक फिरते, पुरस्कर्ते बदलतात. मुलाची सहा वर्षे मात्र सलग जावी लागतात. शिवाय प्रत्येक मूल घर सोडू शकेल असे नाही, आणि जे घर सोडणार नाही त्याचाही शिक्षणावर तेवढाच हक्क आहे.

तेव्हा अशा वसतिगृहाची परीक्षा घ्यायची झाली तर बारावी किती झाले, एवढेच विचारून थांबू नये. शिकून आपल्या माणसांत परत जावेसे किती जणांस वाटले, आणि ते गेले तेव्हा तेथे त्यांच्यासाठी काम होते काय, हेही विचारावे. यातील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देणे कोणत्याही क्लबाच्या हाती नाही. ते राज्यकर्त्यांनीच द्यायचे आहे.