जमाखर्चाच्या वहीतील एक पान



वेतन हाती येताच प्रथम बचत बाजूला काढावी व रोजचा खर्च रात्री वहीत टिपावा, हे आपण जाणतोच. त्याच वहीत एक पान जामिनकीसाठी राखावे, अशी माझी विनंती आहे. पतसंस्थेतील सहकाऱ्याच्या कर्जावर आपण भिडेखातर सही करतो आणि विसरून जातो. परंतु १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम १२८ अन्वये, करारात अन्यथा ठरले नसल्यास, जामीनदाराचे दायित्व ऋणकोइतकेच असते. यास्तव कर्जाची रक्कम व मुदत त्या पानावर लिहावी आणि दर तिमाहीस थकबाकी विचारून नोंदवावी. हा भार उद्या आपणांवर आल्यास झेपेल काय, हे पाहूनच लेखणी उचलावी. स्नेह सहीवाचूनही टिकतो. घराची घडी मात्र एका सहीने विस्कटू शकते.