गर्भकल्याणकाचा आरोग्यसंदेश



तीर्थंकरांच्या पंचकल्याणकांत पहिले स्थान गर्भाला आहे, जन्म दुसरा. आपण मात्र बाळाच्या आरोग्याची चिंता ते पाळण्यात आल्यावर करू लागतो. तोवर त्याच्या शरीराची घडण बरीचशी झालेली असते.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत माता-बालकांचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो भरले. आपल्या बाळांचे स्नायू अपुरे होते; परंतु पाठीवरील त्वचेखालचा मेद त्या मानाने फारसा कमी नव्हता. दिसायला कृश, पण आत मेद राखून असलेले हे बाळ पुढे मधुमेहाकडे अधिक झुकते. पुण्यातीलच ८ वर्षांच्या मुलांच्या तपासणीत, जी मुले जन्मतः हलकी पण पुढे वजनदार झाली, त्यांच्यात इन्सुलिनला होणारा विरोध सर्वाधिक आढळला. म्हणून लहानखुऱ्या बाळाला घाईने गुटगुटीत करण्याचा आपला प्रेमळ आग्रह आवरायला हवा. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, आणि वाढीचा वेग डॉक्टरांच्या नजरेखाली असावा.

आता आपल्या समाजाशी निगडित मुद्दा. त्या खेड्यांतील सुमारे दोन-तृतीयांश गर्भवतींच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्या मातांमध्ये ब-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत ६ व्या वर्षी इन्सुलिनला विरोध सर्वाधिक दिसला. हे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. ब-१२ धान्य-भाज्यांतून मिळत नाही; शाकाहारींना ते मुख्यतः दूध, दही, ताक यांतूनच लाभते.

याचा अर्थ व्रत सोडावे, असा मुळीच नाही. ब-१२ जंतूंच्या साहाय्याने तयार केले जाते, त्यामुळे ते घेण्यास मांसाहार लागत नाही. जिलेटिनची कॅप्सूल वर्ज्य असेल तर साधी गोळी मिळते. विवाहानंतर लगेच सुनेची रक्ततपासणी करून, वैद्यकीय सल्ल्याने ही उणीव गर्भधारणेपूर्वीच भरून काढावी. गर्भवतीने पर्युषणात उपवास-एकाशन करण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे. तिला 'एवढे तरी कर' असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी क्षणभर थांबावे: उदरातील जीव त्या तपाला संमती देऊ शकत नाही. त्याचे रक्षण हीदेखील अहिंसाच.

आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने आपण जाणतो. घरातील गर्भवतीच्या ताटात वेळेवर पडलेली दुधाची वाटी व डाळ-उसळ यांत आहारदान आणि अभयदान दोन्ही सामावतात. सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक घराने एवढा संकल्प केला, तर त्याचे पुण्य पुढच्या पिढीच्या देहात दिसेल.

जय जिनेंद्र!