संहितेविना पहिला प्रयोग
हातात संहिता नसताना विनोदी प्रयोग उभा करायचा, तर पाच-सहा हौशी मंडळी पुरतात. तालीम मात्र नियमित हवी. तालीम कसली? ऐकण्याची. समोरचा म्हणाला, “डॉक्टर, आमची म्हैस बोलेनाशी झाली,” तर “मी डॉक्टर नाही” म्हणू नका. प्रसंग तिथेच मरतो. “कधीपासून?” एवढंच विचारा, तो पुढे सरकतो. अमेरिकी नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन यांनी शिकागोत असे नाट्यखेळ रचले. त्यांचे पुत्र पॉल सिल्स १९५९ साली ‘सेकंड सिटी’ या विनोदी नाट्यसंस्थेच्या संस्थापकांत होते. आपल्या तमाशातला सोंगाड्याही बतावणी अशीच ऐनवेळी रंगवतो. पहिला प्रयोग लहान जागेत, तासाभराच्या आत करा. विषय प्रेक्षकांकडूनच मागा. दिवे सांभाळायला जाणता माणूस बसवा. हशा टिपेला पोचला, की त्याने लगेच अंधार करायचा.