पॉवर विडरचे इंजिन सुरू होत नाही, तेव्हा काय पहाल?
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



नांदेड-लातूर भागात सोयाबीनची पेरणी झाली की पहिला महिना-दीड महिना तणाचा बंदोबस्त करावा लागतो. पावसाच्या उघडिपीत वाफसा दोन-तीन दिवसच मिळतो. नेमका त्याच वेळी पॉवर विडर सुरू होत नाही. आपण घाम फुटेपर्यंत दोरी ओढतो, मग यंत्र जीपमध्ये घालून शहर गाठतो. तोवर पुन्हा पाऊस येतो आणि तण हाताबाहेर जाते. बहुतेक वेळा दोष किरकोळ असतो. म्हणून पुढील क्रमाने तपासणी करावी.

प्रथम बटण चालू आहे का, कॉक उघडा आहे का, चोक लावला आहे का हे पाहा. यंत्र सपाट जागी ठेवून ऑईलची पातळी बघा. काही इंजिनांत ऑईल कमी असल्यास ठिणगीच पडत नाही.

दुसरे, पेट्रोल. मागच्या हंगामाचे टाकीत असेल तर काढून टाका. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील ओल शोषते आणि जास्त दिवस साठवल्यास पाणी खाली बसते. जुन्या पेट्रोलचा चिकट थर कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे बुजवतो.

आता पाच-सहा वेळा दोरी ओढून प्लग काढा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र, गाळणी व नळी तपासा. कार्ब्युरेटरच्या वाटीचा स्क्रू सैल केल्यावर पेट्रोल नीट वाहत असूनही प्लग कोरडाच राहिला, तर जेट बुजले आहे. त्यात तार घालू नका, छिद्र मोठे होते. पंक्चरच्या दुकानातील हवेने साफ करा.

प्लग ओला असेल तर पेट्रोल जास्त झाले आहे किंवा ठिणगी नाही. बटण व कॉक बंद करून, चोक काढून, चार-पाच वेळा दोरी ओढा. प्लग पुसून काजळी काढा. त्याच्या टोकांतील फट साधारण ०.७ ते ०.८ मि.मी. असावी, आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत पाहून खात्री करा.

ठिणगी पाहताना सांडलेले पेट्रोल पुसा, कॉक बंद ठेवा आणि विडी-काडी दूर ठेवा. प्लगला टोपी लावून, त्याचा धातूचा भाग इंजिनला टेकवा. प्लगच्या छिद्रापासून लांब, रबरी मुठीच्या पकडीने धरा. बटण चालू करून दोरी ओढा. निळी ठिणगी दिसली तर ठीक. नाहीतर नवा प्लग लावा. तरीही ठिणगी नसेल तर दोष वायरमध्ये किंवा कॉईलमध्ये असतो.

तिसरे, हवा. आपल्या काळ्या मातीची धूळ एअर क्लीनर लवकर भरते. स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. कागदी गाळणी धुऊ नका, झटका किंवा बदला.

एवढे करूनही दोरी अगदी हलकी ओढली जात असेल तर व्हॉल्व्ह किंवा रिंगचा दोष असू शकतो. तेव्हा मात्र मेकॅनिककडेच जावे.

बंधूंनो, हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून ठेवा. मृगाच्या आधी एकदा सुरू करून पाहा. या अर्ध्या तासाच्या कामामुळे पुढे वाफशाचे दोन दिवस वाचतील.